झोपडीवर नोटीस लागण्याआधी आणि लागल्यावर: मुंबईतल्या वस्त्यांसोबत काम करणाऱ्यांसाठी

पाडकामाच्या दुसऱ्या दिवशी वस्तीत ताडपत्र्या, बिस्किटांचे पुडे आणि जुन्या कपड्यांच्या गोण्या येऊन पडतात. आठवडाभरात हा ओघ आटतो. कुटुंबाला पुढे घर मिळणार की नाही हे ज्यावर ठरणार असतं, तो कागद तोवर ढिगाऱ्यात भिजून गेलेला असतो. मुंबईत झोपडीधारकाचं पुनर्वसन फाइलवर ठरतं आणि फाइल पाडकामाच्या दिवशी बनत नाही. म्हणून या लेखात निम्म्याहून जास्त जागा कागदांना दिली आहे. मंडळं, संस्था, महाविद्यालयीन स्वयंसेवक, वस्तीतले शिकलेले तरुण, ज्यांना हे काम नेटाने करायचं आहे त्यांच्यासाठी हा क्रम.

जमीन कुणाची?

पहिलं काम हेच. एकाच गल्लीच्या डाव्या बाजूला जिल्हाधिकाऱ्यांची जमीन आणि उजव्या बाजूला रेल्वेची, असं मुंबईत सर्रास असतं. दोन्हीकडच्या झोपड्या सारख्या दिसल्या तरी दोघांना लागू होणारे कायदे वेगळे. नगर भूमापन क्रमांक (सिटी सर्व्हे नंबर) काढा, त्यावरून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. धारक म्हणून कुणाचं नाव आहे ते बघा: राज्य शासन, महापालिका, म्हाडा, रेल्वे, बंदर, विमानतळ, वन विभाग की खासगी मालक. मग दुसरा प्रश्न: वस्ती १९७१च्या महाराष्ट्र झोपडपट्टी अधिनियमाखाली 'झोपडपट्टी' म्हणून घोषित आहे का? राज्याच्या, पालिकेच्या किंवा म्हाडाच्या जमिनीवर या कायद्याचं संरक्षण सरळ लागू होतं. रेल्वे आणि इतर केंद्रीय जमिनींवर गाडी वेगळ्या रुळावर जाते. तिथे १९७१चाच, पण सार्वजनिक जागेवरील अनधिकृत भोगवटादारांना काढण्याचा केंद्रीय कायदा वापरला जातो आणि त्याच्या मुदती फार आखूड आहेत.

पत्रिका मिळत नसेल किंवा वस्तीवर कुठला प्रकल्प येऊ घातलाय ते कळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, सोबत १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही. लोक एकाच अर्जात सर्वेक्षण, नकाशा, विकासकाचा करार आणि पाण्याची जोडणी असं सगळं कोंबतात आणि अर्ज परत येतो. चार विषय असतील तर अर्जही चार करा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. मात्र माहितीचा संबंध माणसाच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी असेल तर ४८ तासांची तरतूद आहे. पाडकामाची तारीख लागलेली असेल तर ती अर्जात ठळक लिहून हे कलम मागा. दर वेळी मान्य होईलच असं नाही, पण न मागता तर नक्कीच होत नाही.

दोन तारखा

१ जानेवारी २०००च्या आधीपासूनची झोपडी आणि आजचा प्रत्यक्ष वापर, हे सिद्ध झालं तर कुटुंब 'संरक्षित भोगवटादार' ठरतं. त्याला मोफत पुनर्वसन मिळतं. अधिनियमाच्या कलम ३-झेडप्रमाणे अशा माणसाला घरातून काढायचं तर व्यापक सार्वजनिक हिताचं कारण लागतं आणि पर्यायी जागा द्यावी लागते. १ जानेवारी २००० ते १ जानेवारी २०११ या काळातले सशुल्क पुनर्वसनात येतात. त्यांच्यासाठी सरकारने २०२३ मध्ये अडीच लाख रुपये किंमत ठरवली. २०११ नंतर आलेल्यांना सर्वसाधारण झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत जागा नाही.

याला अपवाद आहेत आणि ते माहीत नसल्यामुळे लोकांना चुकीचा सल्ला दिला जातो. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पासारख्या प्रकल्पांत प्रकल्पाच्या पायाभूत सर्वेक्षणाची तारीख महत्त्वाची असते आणि तिथे २२५ चौरस फुटांची घरं दिली गेली. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत आज ३०० चौरस फूट चटई क्षेत्राचं घर आहे. धारावीचे नियम आणखी वेगळे: तिथे पात्र निवासी झोपडीला ३५० चौरस फूट आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठीही भाडेतत्त्वावरच्या घराची सोय केली आहे. तेव्हा 'शेजारच्या वस्तीत असं झालं' हा आधार धरू नका. आपल्या वस्तीला कुठली योजना आणि कुठली तारीख लागू आहे, ते लेखी मिळवा.

फाइल

प्रत्येक घराची एक प्लास्टिकची झिपवाली फाइल करा. त्यात कागद तीन थरांत लावा. पहिल्या थरात जुना पुरावा, म्हणजे २०००च्या किंवा २०११च्या आधीचा. दुसऱ्यात मधल्या वर्षांचे, दर दोन-तीन वर्षांतून एखादा. तिसऱ्यात आजचे. बहुतेक फाइल्स तिसऱ्या थरात गच्च आणि पहिल्यात रिकाम्या असतात. आधार कार्ड हा जुना पुरावा होऊच शकत नाही, कारण ही योजनाच २००९-१० नंतरची. तरी अर्जाला आधारच्या पाच प्रती जोडणारे लोक ठायीठायी भेटतात.

जुन्या थरासाठी सर्वात वजनदार कागद म्हणजे मतदार यादीचा प्रमाणित उतारा. तो मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या कार्यालयातून मिळतो. अडचण अशी की २००८ मध्ये मतदारसंघांची पुनर्रचना झाली आणि मुंबई शहर-उपनगरांतले ३४ मतदारसंघ ३६ झाले. जुनी नावं पुसली गेली, नवी आली. मानखुर्द-शिवाजीनगर हा मतदारसंघ या पुनर्रचनेतूनच आला. तिथल्या माणसाला २०००ची यादी हवी असेल तर ती बहुधा जुन्या ट्रॉम्बे मतदारसंघात शोधावी लागते. नव्या मतदारसंघाच्या खिडकीवर 'नाव सापडत नाही' असं उत्तर मिळतं आणि लोक निराश होऊन परततात. जाताना जुन्या मतदारसंघाचं नाव, यादी भाग क्रमांक आणि जमल्यास त्याच गल्लीतल्या ज्याचं नाव सापडलंय त्याचा अनुक्रमांक घेऊन जा. शेजाऱ्याचं नाव सापडलं की आजूबाजूच्या दोन पानांत बाकीची गल्ली सापडते. म्हणूनच हे काम एकेका घराने न करता गल्लीने मिळून करावं.

मतदार यादी नसेल तर:

– वीज: उपनगरात एकाच मीटरवर बीएसईएस, मग रिलायन्स आणि २०१८ पासून अदानी अशी नावं येऊन गेली. जुनं बिल हरवलं असेल तर कंपनीकडून ग्राहक क्रमांकावर मूळ जोडणीच्या तारखेचं पत्र मागा. त्यावर पत्ता आणि नाव जुळतंय का ते तिथेच तपासा.

– शाळा: मुलाच्या प्रवेशाची तारीख आणि पत्ता असलेला जनरल रजिस्टरचा उतारा. पालिकेच्या शाळांत जुनी रजिस्टरं असतात. एखादी शाळा दुसऱ्या शाळेत विलीन झाली असेल तर रजिस्टर कुठे गेलं, ते विभागाच्या शिक्षण कार्यालयात कळतं.

– १९७६च्या झोपडपट्टी गणनेचा फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र) किंवा त्यानंतरची सर्वेक्षणाची पावती. हा कागद घरात असेल तर त्याला मूळ सोन्यासारखं जपा; लॅमिनेशन मात्र करू नका. उष्णतेने जुनी शाई उडते आणि शिक्का नीट तपासता येत नाही.

– दुकान असेल तर जुना गुमास्ता परवाना, बँकेचं जुनं पासबुक, रुग्णालयाचा केसपेपर, पोस्टाने आलेलं शिक्का असलेलं पाकीट. यांचं वजन कमी, पण मधल्या थरातली भोकं यांनीच बुजतात.

झोपडी विकत घेतलेली असेल तर साखळी लागते. मूळ राहणाऱ्याचा जुना पुरावा, त्याच्याकडून घेतल्याचा नोटरी केलेला करार, मधे आणखी कुणी असेल तर त्याचाही, आणि शेवटी आत्ताच्या घरवाल्याचे कागद. मधली एक कडी तुटली की फाइल अडते. विकून गावी गेलेल्या माणसाला शोधून त्याचा उतारा आणणं हे काम त्रासाचं आहे, पण तो माणूस जिवंत आणि फोनवर असेतो हे होतं. नंतर नाही.

नावांचा घोळ तर प्रत्येक घरात. 'शांताबाई' एका कागदावर, 'शांता' दुसऱ्यावर, लग्नाआधीचं आडनाव तिसऱ्यावर. 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र बहुतेक वेळा पुरतं. फरक मोठा असेल तर राजपत्रात नाव बदलून घ्या. हे सर्वेक्षणाच्या आधी करा, यादीत 'अपात्र' पडल्यावर नाही.

आता फोटो. दारात कुटुंब उभं, वर घर क्रमांक किंवा सर्वेक्षणाचा रंगवलेला आकडा, बाजूला वीज मीटर आणि मीटरचा नंबर वाचता येईल इतक्या जवळून आणखी एक फोटो. मग आतून एक, चूल आणि बिछाना दिसेल असा, कारण वापर निवासी आहे हे त्यातून दिसतं. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून एक, जवळची कायमची खूण घेऊन: मंदिर, मशीद, शौचालय, विजेचा खांब. तारीख आणि ठिकाण छापणारं कॅमेरा ॲप वापरा. पाडकामानंतर जागा ओळखायची वेळ येते तेव्हा ढिगाऱ्यात खांबच उभा राहिलेला असतो.

सगळ्या फाइल्स स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा. मूळ कागद कुणालाही देऊ नका: विकासकाच्या माणसाला नाही, 'पात्र करून देतो' म्हणणाऱ्या दलालाला नाही, आपल्या संस्थेलासुद्धा नाही. संस्थेच्या कपाटात लोकांचे मूळ कागद अडकून पडलेले असतात, हे या क्षेत्रातलं उघड गुपित आहे. दलाल बनावट मतदार उतारा लावतात तेव्हा गोष्ट अपात्रतेवर थांबत नाही. गुन्हा दाखल होतो आणि तो झोपडीधारकावर होतो.

यादीतून गळणारे

परिशिष्ट-२ ही पात्र-अपात्रांची यादी. ती लागली की वस्ती दोन गटांत फुटते. पात्र झालेल्यांचा धीर सुटू लागतो, त्यांना काम लवकर सुरू व्हायला हवं असतं. अपात्रांची बाजू कुणी घेईनासं होतं. बाहेरून आलेल्या संस्थेने नेमकं इथे उभं राहायला हवं.

कोण गळतं ते आधीच ठाऊक असतं. पोटमाळ्यावर किंवा वरच्या खोलीत राहणारे: सर्वसाधारण योजनेत खालच्या झोपडीचाच विचार होतो. भाडेकरू: दहा-पंधरा वर्षं भाड्याने राहूनही पुरावा मालकाच्या नावाचा. नवरा सोडून गेलेल्या किंवा वारलेल्या बायका: मीटर, मतदार यादी, करार सगळं त्याच्या नावावर. पारधी आणि इतर भटक्या-विमुक्त जमातींची कुटुंबं: हंगामी कामाला बाहेर गेल्यामुळे सर्वेक्षणाच्या दिवशी घराला कुलूप. तृतीयपंथी: कागदावरचं नाव आणि माणूस जुळत नाही. सिग्नलखाली, फुटपाथवर राहणारे तर मुळात मोजलेच जात नाहीत.

कुलूपबंद घरांवर खास लक्ष द्या. सर्वेक्षक घराला कुलूप बघतो, 'घर बंद' लिहितो, पुढे जातो. सर्वेक्षणाच्या दिवसांत प्रत्येक गल्लीत एक माणूस बसवा. त्याच्याकडे बंद घरांची यादी आणि फोन नंबर हवेत. ऊसतोडीला, वीटभट्टीवर, बाळंतपणाला गेलेल्यांना फोन करून बोलवा. येणं शक्य नसेल तर त्यांचा अर्ज आणि फाइल सक्षम प्राधिकाऱ्याकडे (पात्रता ठरवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे) पोच घेऊन जमा करा. पोच नसेल तर तुम्ही काहीच जमा केलेलं नाही असं धरून चाला.

विधवा किंवा एकल बाईच्या बाबतीत मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि इतर वारसांची नोटरी केलेली ना-हरकत आधीच तयार ठेवा. दीर-जावांशी बोलणं यादी लागायच्या आधी सोपं असतं. यादी लागली, घराची किंमत दिसू लागली की नाती बदलतात. जिथे नवरा-बायको दोघं आहेत तिथे पुनर्वसनातलं घर दोघांच्या नावे होतं, हे बायकांना बैठकीत स्पष्ट सांगा. वाटपपत्रावर एकच नाव असेल तर तिथेच हरकत घ्यायला लावा.

अपात्र ठरलं की रडत बसायला वेळ नसतो. आधी प्रारूप यादीवर हरकत, ती यादीखाली छापलेल्या मुदतीत. अंतिम आदेशावर अपिलीय प्राधिकाऱ्याकडे अपील. मुदत ३० दिवस, पण आदेशाखाली काय लिहिलंय तेच अंतिम माना. त्यानंतर तक्रार निवारण समिती आणि शेवटी उच्च न्यायालय. अपिलात 'आम्ही गरीब आहोत, दया करा' असं लिहू नका. अपात्रतेचं कारण यादीतल्या शेवटच्या रकान्यात एका ओळीत असतं: 'पुरावा नाही', 'वास्तव्य आढळले नाही', 'दुबार'. उत्तर त्या एका ओळीला द्या आणि त्यासाठी कुठला कागद कुठल्या पानावर आहे ते लिहा.

नोटीस आली

नोटीस हातात आली की आधी कायदा आणि कलम बघा, मग तारीख, मग सही-शिक्का आणि नाव. घराच्या नावाने आहे की 'सर्व अतिक्रमणधारक' अशी मोघम? हातात दिली की भिंतीला चिकटवली? चिकटवलेल्या नोटिशीचा, ती चिकटलेल्या अवस्थेतच फोटो काढा. मजकुरावरची तारीख आणि प्रत्यक्ष लावण्याची तारीख यांत आठवड्याचा फरक निघतो, आणि पुढे कोर्टात तो उपयोगी पडतो.

रेल्वेच्या किंवा केंद्रीय जमिनीवर असाल तर घाई करा. वर सांगितलेल्या केंद्रीय कायद्याच्या कलम ४ची कारणे दाखवा नोटीस आली की उत्तर द्यायला सात दिवसांच्या आसपासच मिळतात. कलम ५चा आदेश निघाल्यावर अपिलाला १२ दिवस. 'बघू, सुनावणीला जाऊ' म्हणता म्हणता हे बारा दिवस निघून जातात. दिवाणी दावा टाकून स्थगिती आणू असं कुणी सांगत असेल तर सावध राहा, कारण या कायद्यात आणि झोपडपट्टी अधिनियमातही दिवाणी न्यायालयाचा मार्ग बंद केलेला आहे. चुकीच्या कोर्टात गेलेला आठवडा परत मिळत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ला पाडकामाबाबत जे निर्देश दिले ते आता सगळ्यांच्या मोबाइलवर आहेत: १५ दिवसांची नोटीस, सुनावणी, कारणांसह आदेश, त्यानंतर पुन्हा १५ दिवस आणि पाडकामाचं चित्रीकरण. पण त्याच निकालात रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची आणि नदी किंवा जलाशयाची जागा वगळली आहे. मुंबईतल्या सर्वात हलाखीच्या वस्त्या नेमक्या तिथेच आहेत. नाल्याकाठच्या लोकांना 'आता पंधरा दिवस कुणी हात लावू शकत नाही' असं सांगणं म्हणजे त्यांना बेसावध ठेवणं.

तसंच मुंबईच्या फुटपाथवासीयांबाबत सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या १९८५च्या ओल्गा टेलिस निकालाचं. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो, हे त्यात म्हटलंय आणि ते मोलाचं आहे. पण फुटपाथवर कायम राहू द्या असं त्यात म्हटलेलं नाही. रस्त्यावरचं अतिक्रमण हटवण्याचा पालिका कायद्याचा अधिकार न्यायालयाने उचलून धरला होता. पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबर १९८५पर्यंत पाडकाम करू नका, आणि १९७६च्या गणनेत मोजलेल्यांना पर्यायी जागा द्या, असे आदेश होते. पावसाळ्याचं तत्त्व आजही कामाला येतं. १ जून ते ३० सप्टेंबर या काळात राहत्या झोपड्या पाडू नयेत, हे राज्य सरकारचं धोरण आहे. पवईच्या जय भीम नगरवर ६ जून २०२४ला कारवाई झाली तेव्हा हाच मुद्दा उच्च न्यायालयात गेला. नोटीस मे महिन्यात लागली असेल तर मुदतीची तारीख जूनमध्ये जाते का, ते मोजा.

वकील मोफत मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. म्हणून अर्ज घरातल्या बाईच्या नावाने करा. हेल्पलाइन १५१००. उच्च न्यायालयात जायचं असेल तर तिथली विधी सेवा समिती वेगळी आहे. वकिलाकडे जाताना घरनिहाय तक्ता न्या: घर क्रमांक, नाव, सर्वात जुना पुरावा आणि त्याचं वर्ष, सध्याचा पुरावा, नोटीस मिळाल्याची तारीख, घरात आजारी-अपंग-गरोदर कोण. दोनशे घरांच्या विस्कळित झेरॉक्स गोणीत घालून नेल्या तर स्थगितीचा अर्ज त्या दिवशी उभा राहत नाही.

पाडकामाचा दिवस

स्थगिती नसेल आणि यंत्रं आली असतील तर त्या दिवशी घर वाचत नाही. माणसं, कागद आणि सामान वाचवायचं. आदल्या रात्रीच फाइल्स, औषधं, दागिने आणि शाळेची दप्तरं वस्तीबाहेर एका ठिकाणी नेऊन ठेवा. टीबीच्या गोळ्या, इन्सुलिन, फिटची औषधं कुणाची आहेत त्याची यादी एका बाईकडे असू द्या. सिलिंडरचे रेग्युलेटर काढा, वीजजोडणी बंद करा. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि गरोदर बायका सकाळीच शाळेत किंवा समाजमंदिरात.

दोन माणसं चित्रीकरणाला, एक अधिकाऱ्याशी बोलायला. आदेशाची प्रत मागा, अधिकाऱ्याचं नाव-हुद्दा आणि हजर पोलिस ठाणं लिहून घ्या. वेळ लिहा. पंचनाम्याची मागणी करा आणि रिकाम्या पंचनाम्यावर कुणी सही करू नका. यंत्रापुढे आडवं होण्याचा मोह तरुणांना होतो. भारतीय न्याय संहितेचं कलम १३२, म्हणजे सरकारी कर्मचाऱ्यावर बळाचा वापर, लागलं की पोरगा महिनाभर कोर्टाच्या खेपा घालतो आणि संघटनेची ताकद जामिनात जाते. तो निर्णय वस्तीने डोळे उघडे ठेवून घ्यावा. बाहेरच्याने चिथावू नये.

पहिले पंधरा दिवस

मदतीचं सामान गोळा करण्याआधी मोजदाद करा. समजा ४० कुटुंबं, २०० माणसं. माणशी रोज १५ लिटर पाणी धरलं तर दिवसाला ३,००० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर तीन दिवस पुरतो, पण साठवायला टाक्या नसतील तर अर्धं पाणी गटारात जातं. हजार लिटरच्या तीन टाक्या आधी, टँकर नंतर. टाक्यांत क्लोरीन टाका, मात्रा पाकिटावर असते तितकीच, अर्धा तास थांबून मग वाटा. नळजोडणी मागायला कचरू नका: अनधिकृत वस्तीतल्या माणसालाही पाणी नाकारता येणार नाही असं मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेत म्हटलंय.

शौचालय सुरुवातीला ५० माणसांमागे एक आणि स्थिरावल्यावर २० माणसांमागे एक. म्हणजे लगेच चार, पुढे दहा. यांतली निम्म्याहून जास्त बायकांसाठी, आत कडी, बाहेर दिवा. फिरतं शौचालय आणून उपसायची सोय न केल्यास चौथ्या दिवशी ते कुणी वापरत नाही.

ताडपत्री घरटी दोन, १२ × १८ फुटांच्या: एक डोक्यावर, एक खाली किंवा वाऱ्याच्या बाजूला. कडेला पितळी किंवा ॲल्युमिनियमचे डोळे असलेलीच घ्या, भोकं पाडून बांधलेली पहिल्याच वाऱ्याला फाटते. सोबत बांबू आणि नायलॉनची दोरी द्यावीच लागते. नुसत्या ताडपत्र्या वाटणाऱ्यांमुळे लोक बांबू विकत घ्यायला उसने पैसे काढतात. पावसाळा असेल तर झोपायची जागा विटांवर फळ्या टाकून उचलून घ्या. साचलेल्या पाण्यातून चाललेल्यांना ताप आला तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातून होणारा आजार) विचार व्हावा म्हणून आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा. डॉक्सिसायक्लिन डॉक्टरच देतील, स्वयंसेवकाने वाटू नये. टीबीच्या रुग्णाचा निक्षय क्रमांक (त्याच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक) लिहून घ्या. तो कुठेही राहायला गेला तरी त्या क्रमांकावर जवळच्या केंद्रातून औषध सुरू राहतं.

जुने कपडे नकोत. ते वेचायला, वाळवायला, टाकून द्यायला वस्तीतल्याच बायकांचा दिवस जातो. त्याऐवजी पातेलं, तवा, स्टोव्ह, पाण्याचे दोन झाकणवाले डबे, सॅनिटरी पॅड आणि रात्रीसाठी दिवे.

पैसे देता येत असतील तर भाड्यासाठी द्या. डिपॉझिट आणि पहिल्या दोन महिन्यांचं भाडं मिळालं तर कुटुंब मुलांच्या शाळेच्या आणि कामाच्या टप्प्यात राहतं. रक्कम बाईच्या खात्यात जावी. भाड्याचा करार नोंदवायला लावा, नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकाची आहे. तो तयार नसेल तर निदान भाड्याची पावती किंवा बँकेतून दिलेलं भाडं असू द्या, कारण पाडकामानंतरची ही वर्षं फाइलच्या तिसऱ्या थरात दाखवावी लागतात. आणि मूळ जागेशी नातं तुटल्याचा अर्थ निघू नये म्हणून सक्षम प्राधिकाऱ्याला तात्पुरता पत्ता लेखी कळवा.

योजनेतून घर रिकामं करायचं असेल तर चावी देण्याआधी भाड्याचे पैसे बघा. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या २०२३च्या परिपत्रकाने विकासकाला दोन वर्षांचं भाडं आगाऊ जमा करायला आणि तिसऱ्या वर्षाचे पुढच्या तारखांचे धनादेश द्यायला सांगितलंय. ते जमा झाल्याचं प्राधिकरणाकडून लेखी घ्या. विकासकाच्या कार्यालयातल्या शब्दावर झोपडी सोडलेली कुटुंबं भाड्याच्या खोल्यांत वर्षानुवर्षं अडकली आहेत.

पर्यायी घर दाखवलं तर जाऊन बघा

माहुलचं उदाहरण प्रत्येक बैठकीत सांगण्यासारखं आहे. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून लोकांना तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या कुशीतल्या माहुलच्या इमारतींत धाडलं. हवा अशी की लोकांनी तिथे राहायला नकार दिला. शेवटी एप्रिल २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने तिथे जायची सक्ती करू नये, पर्यायी घर द्यावं नाहीतर महिना १५,००० रुपये भाडं आणि ४५,००० रुपये डिपॉझिट द्यावं, असा आदेश दिला.

तेव्हा वाटपपत्र घेण्याआधी बायका आणि शाळकरी पोरं यांचा गट नेऊन जागा बघा. दुपारी नव्हे, सकाळी सातला आणि रात्री नऊला. पाणी किती वेळ येतं, लिफ्ट चालते का, खालच्या मजल्यांना उजेड पोचतो का, जवळचं आरोग्य केंद्र कुठे, शेवटची बस किती वाजता आणि घरकामाच्या ठिकाणापर्यंत जायला-यायला किती खर्च. हा खर्च पगारातून वजा करून दाखवला की बैठकीतली चर्चा एकदम खरी होते. वाशिंदहून वरळीला भांडी घासायला कुणी येत नाही. ती नोकरी गेली असंच समजायचं.

हरकत असेल तर ती 'घर नको' अशी लिहू नका. तसं लिहिलं की हक्क सोडल्याची नोंद होऊ शकते. 'पात्रता कायम ठेवून, अमुक कारणामुळे ही जागा अयोग्य, त्याच विभागात पर्यायी जागा द्यावी' असं लिहा, आणि पोच घ्या.

मुलांची शाळा मधेच सुटली तर नव्या ठिकाणी दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. शिक्षण हक्क कायद्यात ते स्पष्ट आहे, वयाचा पुरावा नसला तरीही. हे मुख्याध्यापकांना सांगायला पालकांसोबत कुणीतरी जावं लागतं. पाडकामानंतरच्या पहिल्याच सोमवारी जा, कारण दोन महिने घरी बसलेली मुलगी परत शाळेत आणणं फार कठीण जातं. धाकट्या भावंडाला सांभाळायचं काम तोवर तिच्याकडे आलेलं असतं.